फॉल सिलिंगचा कौल

त्रिंबकला गर्व होता, आणि तो लपवून ठेवावा असं त्याला कधी वाटलं नाही. सोलापुरात सिलिंगची कामं करणारे पैशाला पासरी मिळतील, पण ‘त्रिंबकच्या हातचं पडत नाही’ हे वाक्य एकट्या त्याच्याच नावाला चिकटलं होतं. ते पहिल्यांदा कोण बोललं याचा काही पत्ता लागत नाही. त्याची बायको नागूबाई म्हणायची, "हेच बोलले आसतील. दुसऱ्या कुणाला एवढा येळ हाय?" कुणी का बोललेलं असेना, वाक्य खरं होतं.

काम सांगायला सोपं. जिप्समचे बोर्ड ठोकणारी मंडळी बोर्ड ठोकून गेली की त्रिंबक यायचा. लाकडी घोड्यावर उभं राहायचं, मान मागं टाकायची आणि बादलीत कालवलेला पांढरा माल छताला थापायचा. बाकीचे कारागीर रोलर फिरवतात, स्पंज दाबतात आणि घरी जातात. त्रिंबक उघड्या तळहातानं थापायचा. थाप मारायची, हात तिथल्या तिथं जरासा फिरवायचा आणि अलगद सोडवून घ्यायचा. हात सुटताना मालाला बारके बारके फोड येतात, त्यांची टोकं पत्र्यानं, म्हणजे पुट्टीच्या पातळ पट्टीनं, नुसती निजवायची. वाळल्यावर छत दिसायचं थेट कडक भाकरीसारखं. डिझाइनचं नावच त्यानं ‘कडक भाकरी’ ठेवलं होतं. पुण्याच्या माणसाला ते समजावून सांगावं लागतं, सोलापूरच्याला नुसतं नाव ऐकून भूक लागते.

नागूबाई खऱ्याखुऱ्या कडक भाकऱ्या करून दुकानांना द्यायची. ती येईल जाईल त्याला सांगायची, "माझाच हात बघून शिकलेत हे. मी खाली थापते, हे वर थापतात. माझी पोटात जाती, ह्यांची डोक्यावर ऱ्हाती."

त्यावर त्रिंबकचं उत्तर ठरलेलं असायचं. "भाकरीला पापुद्रा सुटला तर बाई सुगरण. सिलिंगला सुटला तर कारागीर कामातनं गेला."

त्याला कामं आणून देणारा ठेकेदार होता मानसिंग. जिभेला हाड नसलेला माणूस, पण गिऱ्हाइकासमोर त्रिंबकचं नाव असं घ्यायचा की ऐकणाऱ्याला आपलं जुनं छत पाडून टाकावंसं वाटे. त्या वर्षी होटगी रोडला एक मोठं मंगल कार्यालय उभं राहत होतं आणि त्याच्या छताचं काम मानसिंगनं त्रिंबकला देऊ केलं होतं. एवढं मोठं छत त्रिंबकला आजवर मिळालं नव्हतं. त्यानं ते वस्तीत सगळ्यांना सांगून टाकलं. कुणी म्हणालं, "पंगतीला बसलेला माणूस कशाला वर बघतोय?" त्रिंबक म्हणाला, "पंगतवाला न्हाय बघत. पण अक्षता वर उडत्यात, तवा सगळा मांडव वर बघतोय." झोपेतसुद्धा त्याला ते छत दिसत होतं. आता यात आबासाहेब आडवे येतील असं कुणाला वाटलं असतं?

आबासाहेब वेळापूरकडचे डाळिंबवाले. नातवंडांच्या शाळेसाठी जुळे सोलापुरात बंगला बांधून राहिलेले, पण जीव सगळा तिकडं बागेत. त्यांच्या मुलानं हॉलला फॉल सिलिंग करायचं काढलं आणि मानसिंगनं त्रिंबकला पाठवलं. दारात त्रिंबकनं ‘जय भीम’ घातला, आबासाहेबांनी ‘राम राम’ म्हणून तो घेतला आणि चहा आला. दोघांचंही पहिल्याच दिवशी जमलं.

आबासाहेबांची बायको रंभाबाई घोड्याजवळ येऊन उभी राहिली. साठीची, ठेंगणी, हात सदा कशात तरी गुंतलेले.

"फॉल लावायचा म्हंजी," तिनं विचारलं, "घर खालनं झिजू नये म्हणून का?"

त्रिंबकचं लक्ष वर होतं. तो म्हणाला, "व्हय."

आता इथं थांबून एक सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ या एका ‘व्हय’नं झाला. त्रिंबकला ‘फॉल’ म्हणजे छत माहीत. रंभाबाईला फॉल म्हणजे साडीचा फॉल, ज्याला पिको करतात तो. घराला फॉल लावतायत म्हटल्यावर तिनं मनाशी काय धरायचं ते धरलं, आणि ती आत निघून गेली. माणसानं वर बघताना खालच्याला ‘व्हय’ म्हणू नये.

दुपारी त्रिंबक जेवला आणि पोर्चमध्ये आडवा झाला. जेवणानंतर हाताला विश्रांती लागते असं तो म्हणायचा, जणू घोरायचासुद्धा हातच. उठून तो परत घोड्यावर चढला तेव्हा बोर्डावर जरा पिवळसर झाक वाटली. पण हॉलला झेंडूच्या रंगाचे नवे पडदे लावलेले, त्यांच्या उजेडात त्रिंबकची धोतरासारखी पांढरी टोपीसुद्धा पिवळी दिसत होती. त्यानं माल कालवला आणि थापायला सुरुवात केली. दोन-तीन दिवसांत कडक भाकरी तयार झाली. आबासाहेबांनी मान वर करून एवढंच म्हटलं, "ठेचा तेवढा कमी हाय." यापेक्षा मोठी शाबासकी त्रिंबकला नको होती.

मग पावसाळा सरत आला तेव्हा एका सकाळी आबासाहेबांचा फोन आला.

"त्रिंबकराव, तुमचं सिलिंग पडलं."

त्रिंबक भाकरी खात होता. त्यानं ताट बाजूला सारलं. "कुणाला लागलं का?"

"लागलं न्हाय," आबासाहेब म्हणाले. "लाभलं. लगोलग या."

त्रिंबक पोचला तर बंगल्याच्या दारात चपलांचा ढीग. आत हॉलमध्ये सतरंजीवर माणसं दाटीवाटीनं बसलेली आणि सगळ्यांची तोंडं वर. उदबत्त्या चालू होत्या. छतात एका बाजूला ताटाएवढा तुकडा निघालेला होता आणि मागचा बोर्ड उघडा पडला होता. आपल्या हातचं काम पडलेलं त्रिंबकनं आयुष्यात बघितलं नव्हतं, आणि आता बघायला पन्नास माणसं बरोबर होती.

झालं होतं असं. आबासाहेब वर्षभर वेळापूरच्या रानात विहीर पाडावी की नाही या विचारात होते. मग पावसाळ्यात एके दिवशी सोफ्यावर बसून ते बायकोला म्हणाले, "हीर पाडू का नको?" आणि धप्पकन एक पापुद्रा त्यांच्या उजव्या मांडीवर येऊन पडला. आबासाहेब गावाकडचे. देवाला फुलं चिकटवून कौल लावायचा, उजवं फूल पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यांनी विहीर पाडली. पाणी लागलं, आणि नुसतं लागलं नाही, वर आलं.

दुसरा कौल शेजारच्या शरणम्मानं लावला. ती मैंदर्गीची, अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलणारी, आणि रंभाबाईची जिवाभावाची मैत्रीण. जावयाची बदली अक्कलकोटला होईल का, असं तिनं विचारलं आणि तुकडा डावीकडं पडला. बदली झाली नाही. मग काय, जुळे सोलापुरात बातमी पसरायला वेळ लागतो होय?

"पण आबासाहेब," त्रिंबक हळू आवाजात म्हणाला, "हे पडलं म्हंजी काम बिघडलं. मी घोडा आणतो आन सांजच्याला भरून देतो."

सतरंजीवरची सगळी तोंडं वरून खाली आली आणि त्याच्याकडं वळली.

"भरून देता?" आबासाहेब म्हणाले. "चालता बोलता कौल बुजवता व्हय तुमी?"

त्यांनी त्याला हाताला धरून हॉलच्या मध्यात नेलं. तिथं रांगोळीची एक रेघ मारलेली होती. रेघेच्या अलीकडं उजवं, पलीकडं डावं. पण त्यावरूनच सकाळी भांडण झालं होतं. शरणम्माचं म्हणणं, उजवं डावं देवाचं धरायचं, माणसाचं नाही. बरोबर आहे. पण सिलिंग पालथं असतं. पालथ्या माणसाचा उजवा हात कुठं येतो? त्यात त्याचं डोकं कोणत्या अंगाला हे कळल्याशिवाय उजवं ठरत नाही. एका गृहस्थांनी सतरंजीवर पालथं पडून दाखवलं, मग दुसऱ्यानं उताणं पडून दाखवलं, आणि गोंधळ आणखी वाढला.

"तुमी केलंय ते," आबासाहेब त्रिंबकला म्हणाले. "तुमाला ठावं आसंल. ह्याचं डोकं कुटं हाय?"

त्रिंबकचं डोकं ठिकाणावर नव्हतं. तो वैतागून म्हणाला, "सैपाकघराकडं."

झालं. रांगोळी पुसून नवी रेघ मारली गेली. स्वयंपाकघराकडं डोकं म्हणजे खिडकीकडचा हात उजवा, हे कायमचं ठरलं. त्रिंबक घरी आला तेव्हा त्याला आपण नेमकं काय करून आलो हे समजायलाही वेळ लागला. त्याच्या आजोबांनी छप्पन्न साली देव्हाऱ्यातले टाक सीना नदीच्या डोहात सोडले होते आणि मागं वळून बघितलं नव्हतं. नातवानं काय केलं, तर एका भल्या घरच्या हॉलमध्ये देव थापून दिला आणि वर त्याचं डोकं कुठं आहे तेही सांगून आला. विहारात एक म्हातारा त्याला म्हणाला, "काय पुजारीबुवा, नैवेद्याला काय आसतंय?" त्रिंबकला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

बरं, हे हसण्यावारी नेलं असतं. पण गावातून त्याच्याकडं माणसं यायला लागली.

"आमाला बी सिलिंग करायचं हाय," ती म्हणायची.

"करू की. कडक भाकरी?"

"कसलीबी करा. पण पडणारं करा."

"माझ्या हातचं पडत न्हाय," त्रिंबक म्हणायचा.

माणसं एकमेकांकडं बघून हसायची. असं त्याला बोलावंच लागत असणार, सिद्धी असलेला माणूस कधी कबूल करतो का? एक बाई तर देव्हाऱ्यावर तेवढं बारकं पडणारं करून द्या म्हणून हटून बसली. त्रिंबकनं सगळ्यांना हाकलून लावलं. जितकं हाकललं तितकं त्याचं माहात्म्य वाढलं.

आणि मग मानसिंगचा फोन आला. तो कधी नव्हे ते सावकाश बोलत होता.

"त्रिंबक, तुझं पडतंय म्हणे."

"ते तसं न्हाय."

"आरं सगळं सोलापूर बघून आलंय, तसं कसं न्हाय? कार्यालयाचे मालक म्हणतायत, पंगतीत बासुंदीच्या वाटीत पापुद्रा पडला तर व्याही उठून जातील. तू आधी ते निस्तर. तवर मी थांबतो. लई दिवस न्हाय थांबणार."

फोन ठेवल्यावर त्रिंबक बराच वेळ आपल्या तळहाताकडं बघत बसला. त्याला रडू आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण ते येईना. आयुष्यभर त्यानं दुसरं काही कमावलं नव्हतं. एक वाक्य कमावलं होतं, आणि तेच आता बासुंदीत पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो परत आबासाहेबांकडं गेला. पडलेले तुकडे हॉलच्या कोपऱ्यात तांब्याच्या ताम्हनात ठेवलेले होते, वर फुलं वाहिलेली. कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यानं एक तुकडा उचलून उलटा केला. मागची बाजू पिवळी. बोटानं घासली तर बोट तेलकट झालं. वास घेतला. हळद. आणि त्या पिवळ्यात बायकी तळहाताच्या रेषा अशा उमटलेल्या की ज्योतिषाला वाचता आल्या असत्या.

त्रिंबकचा जीव भांड्यात पडला. हात त्याचा चुकला नव्हता. तेलकट बोर्डावर माल कुणाचाच टिकत नाही. तो तुकडा घेऊन तो तडक स्वयंपाकघरात गेला. रंभाबाई आणि शरणम्मा शेंगा फोडत बसल्या होत्या.

"वैनी, बोर्डाला हळद कुणी लावली?"

"मी," रंभाबाई सहज म्हणाली. "घराला नवा फॉल लावत हुता न्हवं तुमी? नवं कापड कोरं वापरू नये. मी तर रुमालाला बी हळदीचं बोट लावल्याबिगर पदराला बांधत न्हाय."

"आन तेल?"

"कोरडी हळद वर ठरंना की. सगळी शरणम्माच्या डोळ्यात. मग तेलात कालवली."

"मी घोडा हिडिदिद्दे," शरणम्मा अभिमानानं म्हणाली. घोडा तिनं धरला होता. "तुमी भायेर झोपल्ते तवा."

"चारी कोपऱ्यांना बोट लावलं," रंभाबाई पुढं सांगू लागली. "आन सोफ्याकडं पदर येतो आसं मनात धरून तिकडं जरा हात भरून लावली. मग फडक्यानं पुसून बी घेतली, तुमच्या कामात डाग नको म्हणून."

त्रिंबकला हसावं की कपाळ बडवावं कळेना. "वैनी, आवो ह्या तेलानं पडतंय ते. देव न्हाय, कौल न्हाय. तुमाला दोघींना ठावं हुतं आन तुमीच तितं हात जोडून बसताय?"

रंभाबाईनं शेंग बाजूला ठेवली आणि त्याच्याकडं शांतपणे बघितलं. "हळद आमी लावली, ते खरं. पण ज्या येळंला इचारलं, त्याच येळंला पाडलं कुणी?"

याला काय म्हणायचं? तुमच्याकडं उत्तर असेल तर बघा.

त्यानं तो तुकडा आबासाहेबांनाही दाखवला. आबासाहेबांनी तो उलटसुलट केला, डोळ्यांना लावला आणि म्हणाले, "बघा. हळद लागलेली मूर्ती हाय ही. आमाला ठावंच नव्हतं." आणि तुकडा परत ताम्हनात गेला, या वेळी पिवळी बाजू वर करून.

"आबासाहेब, माझ्या पोटावर पाय येतोय हो," त्रिंबक म्हणाला. "लोक म्हणतायत त्रिंबकचं पडतंय. मला हे नीट करू द्या. तुमच्या पाया पडत न्हाय, आमच्यात ते बसत न्हाय. पण हात जोडतो."

आबासाहेब काही वाईट नव्हते. त्यांना कळवळा आला. ते म्हणाले, "तुमी म्हणताय ते मला पटतंय. पण मी कोण ठरवणार? त्यालाच इचारा की."

अशी वेळ वैऱ्यावर येऊ नये. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या बापाचा मुलगा, स्वतः थापलेल्या सिलिंगखाली, स्वतः ठरवलेल्या डोक्याच्या दिशेला तोंड करून उभा राहिला. मागं सगळी सतरंजी श्वास रोखून बसली. त्यानं हात मात्र जोडले नाहीत, पाठीशी धरले. आणि ठेकेदाराशी बोलावं तसं म्हणाला, "मला हे सिलिंग नीट करू द्यायचं का?"

सगळे वर बघू लागले. त्रिंबकही. जन्मात पहिल्यांदा त्याला वाटत होतं, पड. खिडकीच्या बाजूला एक पापुद्रा पड, नखाएवढा पड, पण पड बाबा. मानेला रग लागली. आणि तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं. चारी कोपरे केव्हाच निघालेले होते. सोफ्याकडचा पदर सगळा खाली आला होता. तेलाची जागा आता कुठं उरलीच नव्हती. वर राहिलं होतं ते नुसतं त्याचं काम, कोरड्या बोर्डावर थापलेलं, आणि ते तो मेल्यावरही पडणार नव्हतं. त्याच्या अंगावर गर्वानं काटा आला आणि त्याच काट्याबरोबर तो खचला. जे काम पक्कं होतं तेच त्याला दुरुस्तीची परवानगी देत नव्हतं.

दुपार झाली. काही पडलं नाही.

"त्याच्या मनात न्हाय," आबासाहेब हळहळून म्हणाले. "जेवून जा."

त्यानंतर सिलिंगनं कुणालाच कौल दिला नाही. लोक येत, विचारत, मान अवघडून घरी जात. कुणी म्हणालं विटाळ झाला. कुणी म्हणालं डोकं सैपाकघराकडं नाहीच, जिन्याकडं असणार. एकानं झाडूच्या दांड्यानं हळूच ढोसून बघितलं, तर दांडा मोडला. हळूहळू चपलांचा ढीग कमी झाला, उदबत्त्या बंद झाल्या आणि आबासाहेब एकटेच सोफ्यावर बसून वर बघू लागले. विहिरीवर मोटर किती पॉवरची बसवावी हा प्रश्न त्यांनी लागोपाठ कितीदा तरी विचारला. सिलिंग गप्प. मग मात्र त्यांचं पित्त खवळलं आणि त्यांनी त्रिंबकला फोन लावला.

"तुमचं सिलिंग बिघडलंय."

"काय झालं?"

"पडत न्हाय."

त्रिंबकनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "काय म्हणालात?"

"पडत न्हाय म्हणतोय मी. एवढं मोटं काम केलं आन चार म्हैन्यात बंद पडलं. ही काय रीत झाली, त्रिंबकराव? इश्वासानं काम दिलं तुमाला. या आन नीट करून द्या."

त्रिंबकनं फोन ठेवला. नागूबाईनं विचारलं, "कोण वो?" तो म्हणाला, "आबासाहेब. सिलिंग नीट करून द्या म्हणत्यात." हे वाक्य ऐकण्यासाठी तो इतके दिवस झुरत होता, आणि आता ते आलं होतं तर त्याचा अर्थ उलटा होता. पण काम ते काम. त्यानं बादली आणि पत्रा उचलला.

या खेपेला तो जेवून झोपला नाही. उघड्या पडलेल्या जागा त्यानं साबणाच्या पाण्यानं धुतल्या, पॉलिश पेपरनं घासल्या, वाळवल्या, परत घासल्या. बोट फिरवून वास घेतला. मग माल कालवला आणि थापायला लागला. जुन्या कामात नवं असं मिसळत गेलं की सांधा कुठला ते त्याचं त्यालाच दिसेना. खाली आबासाहेब खुर्ची टाकून बसले होते. रंभाबाई हातात वाटी घेऊन उभी होती. वाटीत तेलात कालवलेली हळद.

"वैनी, वाटी खाली ठिवा," त्रिंबक वरूनच म्हणाला.

"कोरं आसतंय वो. बरं न्हवं ते."

त्रिंबक घोड्यावरून उतरला. तिच्याकडं बघून त्याचा राग का कोण जाणे टिकला नाही. घर झिजू नये म्हणून साठीची बाई घोड्यावर चढते, तिला काय बोलायचं? तो म्हणाला, "लावा. पण परवा, पुरं वाळल्यावर, वरनं. मी सोता येऊन घोडा धरतो." आणि तो खरंच गेला, घोडा धरला, आणि रंभाबाईनं चारी कोपऱ्यांना एकेक बोट लावलं. ते चार पिवळे ठिपके अजून तिथं आहेत.

ठिपके लावून झाल्यावर आबासाहेबांनी त्याला बाजूला घेतलं. मोठ्या आशेनं विचारलं, "आता पडंल न्हवं?"

जिथं जिथं काम केलं तिथं तिथं, घोडा आवरताना, त्रिंबकनं एकच शब्द दिला होता: पडणार नाही. आज तोच शब्द दिला तर आबासाहेब हे सगळं खरवडून काढतील आणि पडणारं करणारा दुसरा कुणीतरी बोलावतील, एवढं त्याला दिसत होतं. नाव राखायचं की काम राखायचं, एवढाच प्रश्न होता, आणि तो कौल लावून सुटण्यासारखा नव्हता.

"पडंल की," तो म्हणाला. "नावच फॉल हाय त्याचं."

आबासाहेबांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले. त्रिंबकला त्यांच्या डोळ्यांना डोळा देता आला नाही. घरी येऊन तो नागूबाईला म्हणाला, "आज खोटं बोललो." ती म्हणाली, "मला वाटलं रोजच बोलता," आणि तिनं त्याच्या पुढ्यात ताट सरकवलं. त्याला जेवण गेलं नाही.

दिवाळी झाली, संक्रांत आली. मंगल कार्यालयाचं छत कुणाला गेलं हे विचारायची त्रिंबकची छाती होत नव्हती. तो किरकोळ भिंतींना पुट्टी मारत होता. अशात एका दुपारी मानसिंगचा फोन आला, आणि त्याच्या आवाजात जुनी धार परत आलेली होती.

"आरं, तू त्या आबासाहेबांचं काय केलंस?"

त्रिंबकनं हातातली पुट्टी खाली ठेवली. "का?"

"मार्केट यार्डात भेटले. तुझ्या नावानं खडे फोडत हुते, चार लोकांत. म्हणे लबाड माणूस हाय. शब्द दिला पडंल म्हणून आन फसवलं. म्हणे नवस बोलून बघितलं, पोरांना वरच्या खोलीत नाचवून बघितलं, शेवटी काठीनं ढोसलं." मानसिंगला हसू आवरेना. "कार्यालयाचे मालक तितंच उभं हुते. त्यांनी सोता इचारलं, मग पडलं का? तर आबासाहेब काय वरडले सांगू?"

"काय?"

मानसिंगनं सांगितलं. मग म्हणाला, "सोमवारपासनं घोडा लाव तितं," आणि फोन ठेवून दिला.

नागूबाई चुलीपुढं बसली होती. भाकरी उलटताना तिनं त्याच्याकडं बघितलं तर त्रिंबकच्या डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. ती घाबरली. "काय झालं वो?"

"आबासाहेब भर यार्डात म्हणाले," त्रिंबकनं डोळे पुसले आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "त्या त्रिंबकच्या हातचं पडत न्हाय."

नागूबाईनं तव्यावरची भाकरी काढली, बोटानं टिचकी मारून बघितली आणि त्याच्यापुढं ठेवली.

"एकदाचं दुसरं कुणीतरी बोललं म्हणायचं," ती म्हणाली.